सातशेने भागलेलं जहाज

यामातो या जपानी युद्धनौकेची लांबी २६३ मीटर होती. १:७०० या प्रमाणात ती साडेसदतीस सेंटिमीटरची होते आणि वाचनाच्या टेबलावर आरामात मावते. १:३५० मध्ये ती पंचाहत्तर सेंटिमीटरची होते, आणि मग तिच्यासाठी घरात जागा शोधावी लागते. प्लास्टिकचं जहाज बांधायला बसणाऱ्याने पहिला भागाकार हा करावा, तोही किट विकत घेण्याआधी, कपाटाचं माप समोर ठेवून. भागाकार मात्र तिथे संपत नाही. युद्धनौकेचं मॉडेल पाहताना काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं. लांबी-रुंदी सातशेने भागली गेली, पण कठड्याची जाडी, रंगाचा थर, गंजाचा ओघळ आणि लाटेची उंची भागायची राहून गेली.

आकडे एकदा नीट डोक्यात बसवून घ्या. १:७०० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे सत्तर सेंटिमीटर. डेकवर उभा असलेला खलाशी अडीच मिलिमीटरपेक्षाही बुटका. त्याच्या कमरेच्या थोडा वर येणारा कठडा दीड मिलिमीटरचा. १:३५० मध्ये खलाशी आणि कठडा दोन्ही दुप्पट उंच होतात. आता किटमध्ये तोफेभोवती असलेला संरक्षक पत्रा बघा. प्लास्टिकची जाडी सहज अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे पस्तीस सेंटिमीटर जाड पोलाद. खरा पत्रा त्याच्या कैक पटींनी पातळ असतो. यात कंपनीचा दोष नाही. वितळलेलं पॉलिस्टायरिन साच्याच्या फटीत शिरायचं तर तेवढी जागा लागतेच. उपाय आपल्या हातात आहे. पत्र्याची वरची कड आतल्या बाजूने तिरकी तासली की डोळा फसतो, कारण जाडी दिसते ती कडेवरच. मी टेबलाच्या कोपऱ्यावर अडीच मिलिमीटर उंचीचा प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवला आहे. कुठलाही भाग लावण्याआधी तो या तुकड्याशेजारी धरायचा. हा माणूस या दारातून आत जाईल का? या कठड्यावरून त्याला समुद्र दिसेल का? उत्तर नाही असेल, तर कानस उचलायची.

पहिलं जहाज कोणतं घ्यावं, या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे: पाणबुडी. यामातो, जर्मन बिस्मार्क, अमेरिकी मिझुरी ही नावं सगळ्यांना खुणावतात. त्यांचे खोके सुंदर असतात आणि आत कित्येक शे सुटे भाग असतात. अशा किटने सुरुवात केलेल्या अनेकांचं जहाज डेकपर्यंत येऊन थांबतं. आधुनिक पाणबुडीला कठडे नाहीत, रिगिंग म्हणजे डोलकाठ्यांच्या तारा नाहीत, बोटी नाहीत. पण दोन अर्धे भाग जोडून सांधा नाहीसा करणं, प्रायमर, मास्किंग, डेकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा), वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) ही सगळी मूलभूत कौशल्यं तिच्यात येतात. रशियन किलो वर्गाची पाणबुडी १:३५० मध्ये मिळते. खरी सुमारे त्र्याहत्तर मीटर, म्हणजे मॉडेल एकवीस सेंटिमीटरच्या आत. आपल्या नौदलातल्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्या याच कुळातल्या, त्यामुळे ती भारतीय खुणांसह करता येते. त्यानंतर १:७०० मधली एखादी विनाशिका घ्या आणि तिच्यावर पितळी कठडे लावायला शिका. मोठी युद्धनौका तिसरी किंवा चौथी.

प्रमाणांबद्दल थोडं. १:७०० हे प्रमाण रुळवलं ते जपानमधल्या शिझुओका शहराने. तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या तिथल्या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन ‘वॉटरलाइन’ मालिका सुरू केली आणि जहाजं आपसात वाटून घेतली. पाण्याखालचा भाग नसलेली ही मॉडेलं सपाट पृष्ठभागावर ठेवली की पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. एकाच प्रमाणामुळे अख्खं आरमार एका फळीवर उभं करता येतं, हा त्यांचा मोठा गुण. ब्रिटिश एअरफिक्सची जुनी जहाजं १:६०० मध्ये आहेत. १:३५० मध्ये बारकावे जास्त दाखवता येतात, पण काम चौपट होतं. प्रमाण निवडताना नजरेचा आणि जागेचा विचार करा. चाळिशी लागली असेल तर १:३५० हातांना आणि डोळ्यांना सोसतं.

जहाज ठरलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: कोणत्या दिवसाचं? हा प्रश्न न विचारता बांधलेलं मॉडेल कितीही सफाईदार असलं तरी अर्धवट राहतं. युद्धनौका सतत बदलत असते. बिस्मार्कच्या अंगावर काळे-पांढरे तिरके पट्टे होते, ते २१ मे १९४१ रोजी नॉर्वेत बर्गनजवळच्या खाडीत थांबलेली असताना करड्या रंगाने झाकले गेले. सहाच दिवसांनी, २७ मे रोजी ती बुडाली. म्हणजे बर्गनला पोहोचणारी बिस्मार्क आणि शेवटच्या लढाईतली बिस्मार्क ही रंगाने दोन वेगळी जहाजं आहेत. यामातोचं तसंच. १९४१ च्या डिसेंबरमध्ये ती नौदलात दाखल झाली तेव्हा तिच्या दोन्ही कुशींवर १५.५ सेंटिमीटरच्या तीन नळ्यांचा एकेक बुरूज होता. १९४४ मध्ये ते काढून तिथे विमानविरोधी तोफांची दाटी केली गेली. ७ एप्रिल १९४५ ला बुडालेली यामातो करायची आणि तिला १९४१ चे बुरूज लावायचे, हे चालणार नाही. किटचा खोका बहुधा साल सांगतो. सांगत नसेल तर फोटो शोधा. अमेरिकी नौदलाचं इतिहास खातं, लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम आणि जर्मनीचं बुंडेसआर्खिव्ह यांच्याकडचे फोटो मोठ्या प्रमाणात पाहायला खुले आहेत. ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ द शिप’ या मालिकेतली पुस्तकं महाग असली तरी एका जहाजावर वर्षभर बसणार असाल तर पैसे वसूल होतात. यामातोच्या रूपाची एकत्र कल्पना हवी असेल, तर जपानमधल्या कुरे शहराच्या संग्रहालयात तिची १:१० ची, तब्बल २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती आहे.

हत्यारांवर फार खर्च करू नका. भाग फ्रेमपासून तोडायला सपाट तोंडाचा निपर, धारदार क्राफ्ट नाइफ, टोकदार चिमटे दोन, बारीक कानशी, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप. सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात हातड्रिल, सुईसारख्या कानशी आणि घड्याळजी वापरतात ते भिंग मिळतं, आणि छंदाच्या दुकानापेक्षा स्वस्त मिळतं. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर मात्र पुढेमागे लागतोच. त्याचं कारण पुढे रंगाच्या ओघात येईल.

गोंद दोन प्रकारचे. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला पातळ द्रावक सिमेंट: दोन भाग एकमेकांना टेकवून धरायचे आणि सांध्याला ब्रशचं टोक लावायचं; द्रव आपोआप फटीत धावतो, प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. धातू किंवा रेझिन जोडायला सुपरग्लू, म्हणजे आपलं फेविक्विक. त्याच्या वाफेने जवळचा भाग पांढुरका होतो, म्हणून थेंब सुईच्या टोकाने लावावा. नेलपॉलिश रिमूव्हरला प्लास्टिकजवळ आणू नका, त्यातला अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरिन खातो.

किट उघडल्यावर फ्रेम कोमट पाण्यात भांडी घासायचे दोन थेंब टाकून धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग सोलून निघतो. मग सांगाडा, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग. सांगाड्याचे दोन अर्धे भाग खोक्यात महिनोन्‌महिने दबून थोडे वाकलेले असतात, म्हणून एकदम चिकटवू नयेत. आतले आडवे पट्टे बसवा, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून सुरुवात करून चार-पाच सेंटिमीटर जोडा, वाळू द्या, पुढे सरका. रबरबँड आणि टेपने आवळा. किटमध्ये आडवे पट्टे नसतील तर प्लास्टिक शीटचे कापून घाला. डेक बसवताना मधोमध पडणारा खळगा त्यामुळे टळतो. सांधा भरून घासला की त्यावर करड्या प्रायमरचा एक हात द्या. उघड्या प्लास्टिकवर लपलेली फट प्रायमरखाली लगेच उघडी पडते. हे दोन-तीनदा करावं लागेल, आणि इथे घाई करू नका. सांगाड्यावरचा सांधा पुढे कशानेही झाकला जात नाही.

याच टप्प्यावर बाजूच्या गोल खिडक्यांना हातड्रिलने भोक पाडा. खरी खिडकी तीस-चाळीस सेंटिमीटरची, म्हणजे १:७०० मध्ये ०.४ ते ०.६ मिलिमीटरचं ड्रिल. साच्यातल्या उथळ खळग्यांपेक्षा ही भोकं कितीतरी जिवंत दिसतात. तोफांच्या नळ्यांचंही तेच. यामातोची ४६ सेंटिमीटरची तोफ १:७०० मध्ये ०.६६ मिलिमीटर व्यासाची होते. तेवढं भोक पाडणं अवघड, म्हणून खराद केलेल्या पितळी नळ्या विकत घेणं शहाणपणाचं. मग सांगाडा खालून दोन स्क्रूंनी लाकडी फळीच्या तुकड्यावर आवळा. यापुढे हात फळीलाच लागेल, जहाजाला नाही.

किटसोबतची सूचनापत्रिका भाग कुठे चिकटवायचा ते सांगते. रंग कधी लावायचा ते तिला ठाऊक नसतं. हा क्रम तुम्हालाच ठरवावा लागतो आणि माझ्या मते जहाजबांधणीतली खरी बुद्धी इथेच लागते. सांगाडा आणि डेक हा एक गट, ब्रिजचे मजले दुसरा, धुराडी, बुरूज, बोटी, डोलकाठ्या असे वेगवेगळे गट करा. प्रत्येक गट न चिकटवता एकावर एक रचून पाहा, तिथेच फटी सापडतात. जिथे रंगाचा ब्रश किंवा फवारा पुढे पोहोचणार नाही, तिथे आधी रंग, नंतर गोंद. जिथे दोन रंगांची सीमा दोन भागांच्या सांध्यावरच येते, तिथे भाग सुटे रंगवा म्हणजे मास्किंग वाचतं. एक दुपार हातात कागद-पेन्सिल घेऊन हा क्रम लिहून काढा. त्या दुपारी एकही भाग लागणार नाही, तरी मोठ्या किटवर याच दुपारने पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

आता रंग. ब्रशने दिलेला जाडसर थर सहज दशांश मिलिमीटरचा होतो, म्हणजे जहाजावर सात सेंटिमीटरचा लेप. त्यात दारांच्या कडा, शिड्या, खिडक्यांवरच्या भुवया सगळ्या बुडतात. एअरब्रशने पातळ केलेला रंग तीन-चार हलक्या हातांत द्यायचा तो याच्यासाठी. बाटलीतला मूळ रंग थेट वापरू नका. दूरवरचं जहाज मधल्या हवेमुळे फिकं दिसतं, आणि मॉडेल आपण दुरूनच पाहतो आहोत असं डोळ्याला वाटायला हवं. म्हणून करड्यात थोडा पांढरा मिसळा आणि शुद्ध काळा कुठेही वापरू नका. धुराड्याच्या टोपीलाही अगदी गडद करडा पुरतो.

रंगांच्या सीमेची एक गोष्ट फार जणांची चुकते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जहाजांच्या ‘मेझर २२’ या रंगयोजनेत सांगाडा खाली गडद निळा आणि वर फिकट करडा असतो. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियो उपसागरात जपानची शरणागती झाली, तेव्हा मिझुरी याच रंगात होती. ही सीमा मुख्य डेकच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या पातळीवर, पाण्याला समांतर, सरळ आडवी जाते. डेक मात्र नाळेकडे वर चढत जातो. डेकच्या कडेला लावून टेप चिकटवली की रेघही वर चढते आणि योजनेचा हेतूच जातो, कारण तिचं काम क्षितिजाशी मिसळणं हे होतं. काचेवर सांगाडा ठेवा, लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा काचेवरून जहाजाभोवती फिरवा. अचूक समांतर रेघ मिळते. पाण्याच्या पातळीवरचा काळा पट्टा आणि त्याखालचा लाल रंगही याच पद्धतीने आखा.

लाकडी डेकवर हात आवरा. फळीची रुंदी पंधरा सेंटिमीटर धरली तर १:७०० मध्ये ती ०.२ मिलिमीटर भरते. किटमधल्या फळ्यांच्या रेघा मुळातच गरजेपेक्षा रुंद असतात; त्यांत काळपट वॉश भरला की डेक नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. उदी रंगाचा अगदी पातळ वॉश, आणि काही फळ्यांना मूळ रंगापेक्षा किंचित वेगळी छटा, एवढं पुरे. आणि तारखेचं इथेही विसरू नका: युद्धकाळात अमेरिकी नौदलाने सागवानी डेक निळ्या रंगाने झाकले होते.

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत फवारणीला एक अडचण असते. दमट हवेत लॅकर रंग वाळताना पांढुरका पडतो. कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबा, आणि तोवर चिकटवण्या-घासण्याचं काम करा. थिनर आणि लॅकर वापरताना खिडकी उघडी हवी आणि तोंडावर सेंद्रिय वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवा. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. रेझिन नेहमी ओलं करूनच घासा. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्या खोलीत नको.

फोटो-एच, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पितळी पातळ पत्र्यावरचे कठडे, शिड्या, रडार, क्रेन. प्लास्टिकचं खेळणं आणि युद्धनौकेची प्रतिकृती यांतला फरक डोळ्याला सर्वांत आधी इथेच जाणवतो. पत्रा फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर ठेवून वक्र पात्याने कापा. मऊ चटईवर कापला तर वाकतो. मांडीवर टॉवेल अंथरा, कारण सुटलेला तुकडा उडतो. घडी घालायला पोलादी पट्टी आणि ब्लेड पुरेसं आहे. नाळेच्या वळणावर बसवायचा कठडा आधी मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर तापवून थंड करा, पितळ मऊ होतं आणि वळण घेतं. सरळ राहायला हवेत ते भाग तापवू नका. पितळावर रंग टिकायला प्रायमर अनिवार्य, आणि कठडे पत्र्यावर असतानाच रंगवून घेणं सोपं.

चिकटवायला माझी पसंती फेव्हिकॉलला आहे. थोडं पाणी घालून बारीक ब्रशने डेकच्या कडेला रेघ ओढा आणि कठडा तिच्यावर उभा करा. सुपरग्लू क्षणात धरतो आणि वाकडं लागलं तर सुटत नाही. फेव्हिकॉल सरळ करायला दोन-तीन मिनिटं देतो, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर पाण्याने निघतो. कठडा नीट उभा राहिला की टोकांना सुईने सुपरग्लूचा सूक्ष्म थेंब द्या. क्रम आतून बाहेर, वरून खाली: आधी ब्रिजचे मजले, मग बुरजांभोवतीचे भाग, डेकच्या कडेचे कठडे अगदी शेवटी. एका बैठकीत कठड्याचे दोन-चार तुकडेच लावा. नजर थकली की कठडे वाकडे लागायला लागतात आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळीच लक्षात येतं.

रिगिंगमध्ये भागाकार सर्वांत कठोर आहे. डोलकाठीची तार दोन-तीन सेंटिमीटर जाडीची धरली तरी १:७०० मध्ये ती ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर होते. माणसाचा केस याहून जाड असतो. शिवणाचा दोरा तर विचारातही घेऊ नका. किटच्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत गरम करा. मऊ झाला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी एका दमात ओढा. जितका वेग जास्त तितका धागा बारीक. तो पातळ सुपरग्लूने किंवा फेव्हिकॉलने एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला चिकटवा. थोडा सैल राहिला तर पेटलेली उदबत्ती त्याच्याजवळून सावकाश न्या; प्लास्टिक आक्रसतं आणि तार ताणून उभी राहते. उदबत्ती टेकली तर धागा तुटतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्या. हल्ली बारीक लवचीक धागेही मिळतात. ते धक्का लागला तरी तुटत नाहीत आणि १:३५० साठी चांगले. १:७०० मध्ये प्रत्येक तार दाखवायची जिद्द धरू नका. मुख्य तारा, अँटेना आणि झेंड्यांच्या दोऱ्या एवढ्यांनी जहाज पूर्ण दिसतं.

गंजाच्या बाबतीत सध्या अतिरेक होतो आहे. एक मिलिमीटर रुंद केशरी ओघळ म्हणजे सत्तर सेंटिमीटर रुंदीचा गंज. असं जहाज कोणत्याही कप्तानाने बंदरात आणलं नसतं. गंज येतो तो नांगराच्या साखळीच्या भोकाखाली, डेकवरचं पाणी बाहेर पडतं त्या छिद्रांखाली आणि पाण्याच्या पातळीलगत. चकचकीत वार्निशचा एक थर द्या, तेलरंगात टर्पेंटाइन मिसळून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवा आणि टर्पेंटाइनने ओल्या केलेल्या सपाट ब्रशने वरून खाली ओढा, जवळजवळ नाहीसा होईपर्यंत. शेवटी मॅट वार्निश. महिनोन्‌महिने समुद्रात राहिलेलं जहाज आणि नौदल संचलनासाठी रंगवलेलं जहाज यांत फरक हवा, म्हणजे इथेही तारीखच ठरवते.

वॉटरलाइन मॉडेल पाण्यात ठेवलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. जाड जलरंगाचा कागद किंवा चुरगळून परत सरळ केलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पायाला चिकटवा, त्यावर अ‍ॅक्रिलिक जेल थोपटा, रंगवा, वर पुन्हा चकचकीत जेल. पाण्याचा आकार मनाने काढायचा नसतो. खोल पाण्यात जाणाऱ्या कोणत्याही जहाजाच्या मागे उमटणारी लाटांची पाचर दोन्ही बाजूंना साधारण साडेएकोणीस अंशांची असते. वेग कमी-जास्त झाला तरी कोन बदलत नाही. बदलतं ते लाटांमधलं अंतर, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. २७ नॉट वेगाने धावणाऱ्या यामातोच्या अंगालगतच्या दोन लाटांच्या शिखरांत सुमारे १२४ मीटर अंतर पडेल, म्हणजे १:७०० मध्ये साडेसतरा सेंटिमीटर. जहाजाच्या पूर्ण लांबीत दोनच मोठ्या लाटा. तीच १५ नॉटने जात असेल तर अंतर साडेपाच सेंटिमीटरवर येतं आणि लाटाही लहान होतात. समुद्राचा रंगही ठिकाणाप्रमाणे: मुंबईच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात तो मातकट, उत्तर अटलांटिकमध्ये पाटीसारखा करडा, खोल हिंदी महासागरात गर्द निळा. झेंड्यांचंही भान ठेवा. नाळेवरचा छोटा झेंडा जहाज नांगरलेलं किंवा धक्क्याला बांधलेलं असतानाच असतो. धावत्या जहाजावर तो लावू नका. विमानवाहू जहाज विमान उडवताना वाऱ्याकडे तोंड करतं, म्हणून तेव्हा त्याचे झेंडे आणि धूर मागेच जायला हवेत.

मॉडेल पूर्ण झालं की त्याच दिवशी झाकण. काचेचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं, चारही बाजूंनी बंद. कठड्यांच्या जाळीत बसलेली धूळ कपड्याने निघत नाही. काढायला जावं तर कठडाच निघतो. खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. पायाच्या पट्टीवर जहाजाचं नाव, प्रमाण आणि तारीख लिहा.

भारतीय जहाजांबद्दल शेवटी सांगतो, कारण इथे किट मागवून काम भागत नाही. मोठ्या कंपन्यांनी आपल्या नौदलाकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. परदेशी कुळातल्या किटवरून बदल करत जावं लागतं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या निर्घात, निपात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत ओसा वर्गाच्या. तो वर्ग १:७२ मध्ये मिळतो. विमानवाहू विक्रमादित्य ही मूळची सोव्हिएत कीव्ह कुळातली, पण पुढच्या डेकवरची क्षेपणास्त्रं काढून तिथे स्की-जंप झाला आहे, म्हणजे पुढचा सगळा भाग नव्याने घडवावा लागतो. माझगाव गोदीत बांधलेली, १९७२ मध्ये दाखल झालेली निलगिरी ही ब्रिटिश लिअँडर वर्गावरून आली. एअरफिक्सचं लिअँडर १:६०० मध्ये आहे. निलगिरीची रुंदी त्याहून दोन फूट जास्त, म्हणजे भागल्यावर एक मिलिमीटर. ती सोडून दिली तरी चालेल. पण त्याच वर्गातल्या शेवटच्या दोन नौका, तारागिरी आणि विंध्यगिरी, मोठ्या सी किंग हेलिकॉप्टरसाठी मागच्या बाजूला बदलल्या होत्या. तो बदल लांबूनही दिसतो, तो टाळून चालणार नाही. पहिली विक्रांत सातशे फुटांची, म्हणजे १:७०० मध्ये बरोबर एक फूट. १९६१ मध्ये बेलफास्टला दाखल झाली तेव्हा तिच्यावर वाफेचं कॅटापल्ट आणि सी हॉक, अलिझे ही विमानं होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नाळेवर स्की-जंप आला. २०१४ मध्ये ती मोडीत निघाली आणि प्रत्यक्ष जाऊन मोजायला आता काही उरलेलं नाही.

आपल्या जहाजांचे अमुक वर्षातले, अमुक बंदरातले, डेकवरचे फोटो सर्वांत जास्त आहेत ते घराघरांतल्या आल्बममध्ये. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, पुणे इथे नौदलातून आणि माझगाव गोदीतून निवृत्त झालेली हजारो माणसं आहेत. तुमच्या ओळखीत, नात्यात, सोसायटीत असा कोणी काका असेल तर मॉडेल हातात घेण्याआधी त्याच्याकडे जा. डेकचा रंग कोणता होता, बोटी कोणत्या बाजूला टांगल्या होत्या, धुराड्यावर कोणती खूण होती ते विचारा. त्याच्या परवानगीने फोटोंच्या प्रती घ्या आणि प्रत्येकीच्या मागे जहाजाचं नाव, साल आणि बंदर त्याच्यासमोरच लिहून घ्या.